खंजिरीचा कवी : प्रस्तावना

अमरावतीहून नागपूरकडे निघालेला हमरस्ता नांदगाव पेठेचा कसबा मागे टाकून मोझरी आणि तिवसा यांच्या दिशेने जातो. आणि या रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या काळ्या, कपाशीच्या मुलखात असे गाव विरळाच, की जिथल्या देवळाच्या खुंटीला एखादी खंजिरी टांगलेली नाही, आणि दिवसभर डवरणीचे किंवा कापूसवेचणीचे काम करून आलेली चारदोन माणसे रात्री जेवणखाण आटोपल्यावर ती उतरवून सतरंजीवर बसत नाहीत. पेटीवाला सूर धरतो, टाळकरी सरसावतात, मुख्य गायक ध्रुपद उचलतो आणि मागचे झिलकरी ते झेलतात. पद संपत येते तेव्हा अखेरच्या चरणात 'तुकड्यादास' ही नाममुद्रा येते आणि खंजिरीचा ठेका द्रुत होत जाऊन एका थापेसरशी थांबतो. वऱ्हाडातल्या कित्येक पिढ्यांना काव्य म्हणून जे काही प्रथम कानी पडले ते या मार्गाने पडले. पाठ्यपुस्तकांतल्या कविता शाळेबरोबर सुटल्या. परंतु ज्यांची शाळाच दुसऱ्या-तिसऱ्या इयत्तेत सुटली त्यांच्याही कंठात ही पदे राहिली.

या पदांचे कर्ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांच्याविषयी लिहिले गेलेले वाङ्मय थोडेथोडके नाही. त्यांच्या चरित्रातील अलौकिक प्रसंग, त्यांची राष्ट्रसेवा, त्यांचा ग्रामोद्धाराचा विचार, त्यांनी उभारलेल्या संस्था यांचे वर्णन श्रद्धाळू लेखकांनी भक्तिभावाने आणि अभ्यासकांनी साक्षेपाने केलेले आहे. परंतु या सर्व लेखनात एक उणीव मला सतत जाणवत आली आहे, आणि प्रस्तुत ग्रंथ लिहिण्याची ऊर्मी त्या उणिवेतूनच उत्पन्न झाली. तुकडोजी महाराज हे आरंभापासून अखेरपर्यंत गायक होते. पद रचणारे, त्याला चाल लावणारे आणि ते स्वतः लोकांपुढे उभे राहून गाणारे लोककवी होते. त्यांचे संतत्व, त्यांचे राजकारण, त्यांचे समाजकारण या सगळ्यांचे वाहन त्यांचे गाणे होते, एवढे म्हणणे पुरेसे होणार नाही. त्या गाण्याच्या अंगभूत धर्मानेच त्यांच्या विचाराला त्याचे विशिष्ट रूप दिले, असे माझे मत आहे. 'राष्ट्रसंत' या थोर पदवीच्या प्रभेत पदकाराची कारागिरी झाकली गेली. ती पुन्हा प्रकाशात यावी, एवढाच या ग्रंथाचा हेतू आहे.

महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती तालुक्यातील यावली या गावी झाला. पाळण्यातले नाव माणिक. वडील बंडोजी, माता मंजुळाबाई. घराण्याचे आडनाव इंगळे, आणि कुळ ब्रह्मभटांचे. ज्या कुळाचा पिढीजात व्यवसाय कवने रचून लोकांपुढे म्हणण्याचा, त्या कुळात हा पदकार निपजला, हा केवळ योगायोग मानावा की परंपरेचा ओघ मानावा, याचा निर्णय मी करू इच्छीत नाही. तथापि राजेरजवाडे, देशमुख आणि जहागीरदार यांची स्तुती गाऊन बिदागी मिळविणाऱ्या भाटांची वाणी या मुलाने कुणा धन्याच्या दारी न नेता गावच्या चावडीवर नेली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. घरची स्थिती हलाखीची होती. शिक्षण प्राथमिक इयत्तांच्या पलीकडे गेले नाही. वर्गापेक्षा देऊळ आणि देवळापेक्षा अरण्य त्यांना अधिक जवळचे वाटे, असे त्यांचे सगळेच चरित्रकार सांगतात.

वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. माणिकला 'तुकड्या' हे नाव त्यांनीच दिले, आणि बालवयात मिळालेले हे नाव पुढे हजारो पदांच्या अखेरीस मुद्रा होऊन बसले. गुरूंनी १९२१ साली समाधी घेतली तेव्हा शिष्याचे वय अवघे बारा वर्षांचे होते. त्यानंतरची काही वर्षे रामटेक, सालबर्डी, रामदिघी या ठिकाणच्या रानांत साधनेत गेली. या काळाविषयी चमत्कारांच्या कथा विपुल आहेत. त्या मी या ग्रंथात घेतलेल्या नाहीत, आणि तसे करण्यात महाराजांचा अवमान होतो असे मला वाटत नाही, कारण पुढे त्यांनी स्वतःच 'ग्रामगीते'त संतचमत्कार या विषयावर एक स्वतंत्र अध्याय खर्ची घातला आणि संताची पारख त्याच्या चमत्कारांवरून करणाऱ्यांचे डोळे उघडण्याचा प्रयत्न केला. माझ्या दृष्टीने त्या अरण्यवासातील महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. तेथे त्यांचा आवाज घडला. ज्याला श्रोता नाही, साथ नाही, छताचा आधार नाही, अशा मोकळ्या आसमंतात गाणाऱ्या कंठाला जो खुला, पल्लेदार आणि थोडासा खरबरीत उच्चार येतो, तो त्यांच्या उपलब्ध ध्वनिमुद्रणांतूनही स्पष्ट ऐकू येतो. मैफलीतल्या आवाजाहून तो सर्वस्वी भिन्न आहे. हजारोंच्या जमावात ध्वनिक्षेपकाशिवाय शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोहोचविण्याची ज्याला सवय, त्याचा तो आवाज आहे.

आता खंजिरीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे. कारण या वाद्याची रचना समजल्यावाचून या पदांची रचना समजणार नाही. लाकडाचे एक लहानसे कडे, त्याच्या एका तोंडावर ताणून बसविलेले कातडे, आणि कड्याच्या खाचांत खिळविलेल्या धातूच्या छोट्या चकत्या, एवढेच हे वाद्य. डाव्या हाताने ती धरावयाची आणि उजव्या हाताच्या बोटांनी व तळव्याने वाजवावयाची. पावसाळी हवेत कातडे सैल पडले तर शेकोटीपाशी धरून ते ताणून घ्यावे लागते. याखेरीज तिचे काही लाड नाहीत. मृदंग वाहून न्यावयाला माणूस लागतो, वीणा सांभाळावयाला शिक्षण लागते, तबल्याला दोन हात आणि बैठक लागते. खंजिरी मात्र उभ्याने, चालताना, गर्दीत, बैलगाडीत, वाटेल तिथे वाजते, आणि वाजविणाराच गाऊ शकतो. एका माणसाच्या हातात ताल आणि त्याच माणसाच्या मुखात शब्द, ही जी एकसंधता तिने साधली, तिच्यामुळे गायकाला साथीदाराची वाट पाहावी लागत नाही. मनात आलेला शब्द त्याच क्षणी ठेक्यात बसवून लोकांपुढे मांडता येतो. महाराजांचे शीघ्रकवित्व पुष्कळांनी वाखाणले आहे. सभेतला प्रसंग पाहून, समोरचे चेहरे पाहून, जागच्या जागी पद रचून ते गात असत. या शीघ्रकवित्वाचा अर्धा वाटा मी निःसंकोचपणे त्या खंजिरीच्या पदरात टाकीन.

तिचा दुसरा परिणाम पदांच्या बांधणीवर झाला. खंजिरीचा ठेका आखूड आणि ठाशीव असतो. त्यावर दीर्घ समास, गुंतागुंतीचे अन्वय आणि श्लेष टिकत नाहीत. म्हणून महाराजांचे चरण तोकडे आहेत, यमके पक्की आहेत, क्रियापदे बहुधा आज्ञार्थी आहेत. ध्रुपद असे हवे की एकदा ऐकताच समूहाने उचलावे. म्हणून ते दोन ओळींचे, आणि त्यात पदाचा सगळा मथितार्थ. अंतऱ्यात दृष्टान्त, तोही नांगर, मोट, बैल, विहीर, बाजार, कोर्टकचेरी यांतला. चाल शक्यतो लोकांच्या ओळखीची. अशा भजनावल्यांत पदाच्या माथ्यावर 'चाल' अथवा 'तर्ज' म्हणून दुसऱ्या परिचित गीताचा निर्देश करण्याचा जो रिवाज आहे, त्याकडे काही विद्वान नाक मुरडून पाहतात. परंतु ज्याला नवा विचार अल्पावधीत शेकडो गावांच्या मुखी रुजवावयाचा आहे, त्याने जुन्या सुरांचा आश्रय घ्यावा हे अगदी स्वाभाविक आहे. श्रोत्याला एकाच वेळी नवी चाल आणि नवा विचार शिकावा लागू नये, ही त्यामागची दयाळू दृष्टी आहे.

महाराज गात होते त्याच सुमारास सातासमुद्रापलीकडे अमेरिकेच्या ओक्लाहोमा प्रांतात जन्मलेला एक गायक हीच पद्धत अवलंबीत होता, ही गोष्ट वऱ्हाडी वाचकाला नवलाची वाटेल. वुडी गथ्री १९१२ साली जन्मला आणि १९६७ साली निवर्तला. म्हणजे महाराजांहून तीन वर्षांनी धाकटा, आणि त्यांच्या आधी एका वर्षाने गेलेला. अवर्षणाने आणि धुळीच्या वादळांनी देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्यांची गाणी त्याने गिटारीवर रचली. चाली बहुधा जुन्या भजनांच्या आणि लोकगीतांच्या घेतल्या. त्याचा देश, धर्म, जीवनक्रम सर्व काही वेगळे. महाराजांचे वैराग्य त्याच्या ठायी नव्हते आणि त्याचे भटके कामगारजीवन महाराजांच्या वाट्याला आले नव्हते. तरीही, एका हाती वागविता येणारे वाद्य, ओळखीची चाल, साधा शब्द आणि समोर बसलेला शेतकरी या चार गोष्टींतून विसाव्या शतकातील लोकगायकाचा जो नमुना सिद्ध झाला, तो दोन्हीकडे सारखाच आहे. अमेरिकेने आपल्या या गायकाचा अभ्यास गायक म्हणून केला. आपण आपल्या गायकाची पूजा केली. पूजेला माझा विरोध नाही. अभ्यासाची मागणी मात्र मी या पानांतून आग्रहाने करीत आहे.

महाराजांच्या रचनेत मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषा जवळजवळ समान हक्काने नांदतात. पुण्यामुंबईच्या वाचकाला याचे कारण सहसा उमगत नाही. १८५३ साली निजामाने वऱ्हाडचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि १९०३ साली तो मध्य प्रांताला जोडला गेला. तेव्हापासून १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत अमरावती-अकोल्याचा माणूस ज्या प्रांतात राहिला त्याची राजधानी नागपूर होती आणि त्या प्रांताचा निम्म्याहून अधिक भाग हिंदी बोलणारा होता. सातपुड्याच्या पायथ्याची गावे तर आजही एका घरात दोन भाषा बोलतात. बाजारात हिंदी, घरात वऱ्हाडी, आणि सरकारी दप्तरात फारसी वळणाची मराठी, अशा त्रिवेणीत वाढलेल्या कवीने दोन्ही भाषांत पदे रचली याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. त्यांची हिंदी पंडितांची नव्हे; फकीर, गोसावी, बैरागी आणि यात्रेकरू यांच्या संगतीत रुळलेली ती सधुक्कडी बोली आहे. 'लहर की बरखा' या त्यांच्या हिंदी भजनसंग्रहाचे नावच तिच्या प्रकृतीची साक्ष देते. या हिंदीने त्यांना वऱ्हाडच्या हद्दीबाहेर नेले. आणि ज्या पदांनी १९४२ साली सरकारची झोप उडविली त्यांतली बरीचशी याच बोलीत होती.

परंतु तिकडे वळण्यापूर्वी १९३५ आणि १९३६ या दोन वर्षांचा उल्लेख झाला पाहिजे. मोर्शी तालुक्यात सातपुड्याच्या कुशीत असलेल्या सालबर्डी या क्षेत्री १९३५ साली महाराजांनी महायज्ञ केला, आणि त्याला लक्षावधी लोक लोटले. खंजिरीवर भजन करणारा एक पंचविशीतला तरुण एवढा जनसमुदाय एकत्र आणू शकतो, ही वार्ता प्रांतभर पसरली. पुढल्याच वर्षी महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून ते वर्ध्याजवळच्या सेगावी गेले. त्या खेड्याला सेवाग्राम हे नाव अद्याप मिळावयाचे होते. तिथे ते सुमारे महिनाभर राहिले. या मुक्कामाचा परिणाम त्यांच्या पदांवर झालेला मला दिसतो. त्याआधीची रचना, 'आनंदामृत' ही तरुणपणीची कृती धरून, मुख्यतः आत्मानुभवाची, गुरुभक्तीची आणि वैराग्याची आहे. कवी स्वतःशी अथवा देवाशी बोलत आहे. त्यानंतरच्या पदांत संबोधन बदलते. 'देवा' या हाकेच्या जोडीला 'गड्यांनो', 'बंधूंनो', 'तरुणा' अशा हाका येऊ लागतात. चरखा येतो, झाडू येतो, गावातली भांडणे येतात, दारूचा गुत्ता येतो, अस्पृश्यतेचा धिक्कार येतो. भक्तीचा झरा आटला नाही. त्याचे पाणी शेताकडे वळविले गेले.

आणि मग १९४२ उजाडले. त्या वर्षीच्या ऑगस्टात विदर्भात जे घडले त्याचे स्मरण अजूनही या भागातल्या जुन्या घरांत जिवंत आहे. १६ ऑगस्ट, नागपंचमीचा दिवस. चांदा जिल्ह्यातील चिमूर आणि वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथे त्याच दिवशी लोक उठले; गोळीबार झाला, सरकारी अंमलदार आणि पोलीस मारले गेले, गावकरी धारातीर्थी पडले. चिमूरवर त्यानंतर लष्कराने जे अत्याचार केले त्यांच्या चौकशीसाठी सेवाग्रामच्या प्राध्यापक भन्साळींनी दोन महिन्यांहून अधिक काळ उपोषण मांडले. महाराजांचे जन्मगाव यावली हेही या वणव्यातून सुटले नाही, आणि त्या गावाच्या नावापुढे 'शहीद' हा शब्द कायमचा लागला. आष्टीच्या आणि बेनोड्याच्या नावापुढेही तो असाच लागलेला आहे. ही सगळी गावे महाराजांच्या भजनाच्या टापूत होती. निसर्गातल्या साध्यासुध्या वस्तूंनाच आयुधे कल्पून निःशस्त्र माणसाला अभय देणारी त्यांची हिंदी पदे त्या महिन्यांत लोकांच्या तोंडी होती.

गाण्याने क्रांती होते काय, हा प्रश्न येथे विचारला जातो, आणि मी त्याला जपून उत्तर देतो. लोकांना उठविणारी कारणे गाण्याहून खोल असतात: महागाई, युद्धवसुली, नेत्यांची धरपकड, पिढ्यान्‌पिढ्यांचा अपमान. गाणे ती कारणे निर्माण करीत नाही. परंतु एकेका घरात कोंडलेली भीती जेव्हा शंभर माणसे एकाच ठेक्यावर एकच ध्रुपद म्हणतात तेव्हा ओसरते. हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना त्याची उपपत्ती सांगण्याची गरज नाही. परकीय सरकारला तरी याविषयी शंका नव्हती. ऑगस्टच्या अखेरीस महाराजांना अटक झाली आणि नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत त्यांना ठेवण्यात आले. ज्या राज्ययंत्रणेजवळ फौज, कचेऱ्या, तारायंत्र आणि कायदा होता तिला एका भजनकाराला गजाआड करावे लागले, हा त्यांच्या कवित्वाचा सरकारी दप्तरात नोंदलेला गौरवच मी मानतो.

सुटकेनंतर, १९४३ साली, अखिल भारतीय श्रीगुरुदेव सेवा मंडळाची स्थापना झाली, आणि मोझरीचा गुरुकुंज आश्रम हे त्याचे केंद्र बनले. येथपासून पदकाराच्या कार्याला एक नवे वळण लागते. आजवर एक गात होता आणि अनेक झेलत होते. आता अनेकांनी मिळून गावयाचे, अशी व्यवस्था त्यांनी घालून दिली. गावोगावी मंडळाच्या शाखा निघाल्या. पहाटे सामुदायिक ध्यान आणि सायंकाळी सामुदायिक प्रार्थना हा नित्यक्रम ठरला. प्रार्थनेला बसताना समोर कुठल्या एका पंथाची मूर्ती ठेवलेली नसते; एक अधिष्ठान मांडलेले असते, आणि सगळ्या जातींची, सगळ्या धर्मांची माणसे ओळीने, एकाच सतरंजीवर बसावीत अशी अपेक्षा असते. ज्या काळात देवळाच्या पायरीवरून माणसे परत फिरविली जात, त्या काळात एकत्र बसून एका सुरात म्हणणे हीच एक सामाजिक कृती होती. बंधुभावाचे मागणे मागणारी त्यांची प्रार्थना आज महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांत म्हटली जाते, आणि म्हणणाऱ्या मुलांना तिच्या कर्त्याचे नाव पुष्कळदा ठाऊकही नसते. लोककवीला याहून मोठा मान कोणता मिळावयाचा!

याच अमरावती जिल्ह्यात, अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावी, १८७६ साली जन्मलेले गाडगे महाराज हे या कार्यातले ज्येष्ठ. दोघांची नावे आपण एका दमात घेतो, पण दोघांची वाणी किती निराळी होती याकडे लक्ष देत नाही. गाडगेबाबांनी एक ओळही लिहिली नाही. त्यांचे कीर्तन म्हणजे श्रोत्यांशी चाललेली जाबजबाबाची फैर. प्रश्न विचारावयाचा, लोकांकडून उत्तर काढून घ्यावयाचे, त्या उत्तरानेच लोकांना अडकवावयाचे, आणि मध्ये गोपाळगजर. मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात ८ नोव्हेंबर १९५६ रोजी झालेले त्यांचे अखेरचे कीर्तन ध्वनिमुद्रित आहे, म्हणून ती वाणी आपल्याला लाभली. बाबांचे माध्यम गद्य संवादाचे, महाराजांचे पद्य गायनाचे. संवाद त्या रात्रीपुरता जळता; पद घरी नेता येते. बाबा गेल्यावर त्यांच्यासारखे कीर्तन दुसऱ्या कोणाला साधले नाही, कारण ते सर्वस्वी त्यांच्या व्यक्तिमत्त्वात होते. महाराजांचे पद मात्र सामान्य कंठाच्या गावकऱ्यालाही म्हणता येते, कारण ते रचतानाच त्याच्यासाठी रचले होते. एकाने धर्मशाळा बांधल्या आणि दुसऱ्याने गावोगाव भजनमंडळे बांधली, असा भेद करता येईल. या दोहोंत थोरलेपणा ठरविण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

'ग्रामगीते'चा विचार या ग्रंथात मी एका स्वतंत्र प्रकरणात केला आहे. एकेचाळीस अध्याय आणि चार हजार सहाशे पंच्याहत्तर ओव्या असा तिचा विस्तार. ग्रामआरोग्य, महिलोन्नती, यात्रामेळे, गरिबी-श्रीमंती, श्रम, दलितसेवा असे तिचे विषय. आणि अर्पण ग्रामदेवतेला. खेड्याच्या पुनर्रचनेचा आराखडा म्हणून तिच्याकडे पाहण्याची वहिवाट पडली आहे आणि ती यथार्थही आहे. पण हा आराखडा ओवीत का लिहिला गेला? नियोजनाचे अहवाल गद्यात लिहिले जातात आणि तालुक्याच्या कचेरीत राहतात. ओवी पारायणाला बसते. ज्ञानेश्वरी आणि एकनाथी भागवत ऐकलेल्या कानाला ओवीचे साडेतीन चरण उपजत कळतात. म्हणून शौचकूप, खताचा खड्डा, हुंडा आणि गावचे भांडण मिटविण्याची रीत यांसारखे विषय ओवीत आले की ते ऐकणाऱ्याला परके वाटत नाहीत. 'भजन-प्रभाव' असा एक अध्यायच तिच्यात आहे, आणि तो मला 'ग्रामगीते'ची किल्ली वाटतो. भजनाने गाव घडावे, नुसते रात्र जागविण्याचे साधन ते होऊ नये, हा विचार महाराजांनी तिथे मांडला आहे. आपल्या कलेची जबाबदारी काय, याविषयी एका लोकगायकाने स्वतः केलेले असे चिंतन मराठीत फार दुर्मीळ आहे. साहित्यमीमांसेच्या पुस्तकांत त्याचा उल्लेख यावयास हवा होता.

उत्तरायुष्यातील घटना बहुतेकांस माहीत असल्यामुळे त्या मी थोडक्यात सांगतो. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्यांना राष्ट्रसंत म्हणून गौरविले. विनोबांच्या भूदानाला त्यांनी आपल्या भजनांची साथ दिली. १९५५ साली जपानमधील विश्वधर्म आणि विश्वशांती परिषदेला ते गेले, आणि तिथेही खंजिरी बरोबर होती. १९५६ साली भारत साधु समाजाची स्थापना झाली तेव्हा पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळी आणि १९६५ च्या युद्धात ते सरहद्दीवर जवानांपुढे गाऊन आले; १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानंतर मदतीच्या कार्यात पडले. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीच्या गुरुकुंजात त्यांचा देह विसावला. वय एकोणसाठ. नागपूर विद्यापीठाला पुढे त्यांचे नाव देण्यात आले; ज्याची शाळा बालपणीच सुटली होती त्याच्या नावाने आज विद्वत्तेच्या पदव्या दिल्या जातात.

त्यांच्या काव्याचे मूल्यमापन करताना मी हातचे राखून लिहिलेले नाही. हजारांनी मोजावी एवढी रचना ज्याने केली त्याची सगळी रचना सारख्या कसाची असणे शक्य नाही. प्रसंगपरत्वे रचलेली कित्येक पदे तो प्रसंग सरल्यावर निस्तेज झाली. काहींत उपदेश काव्यावर मात करतो. यमकासाठी शब्दाची ओढाताण झालेलीही दिसते. हे सर्व मान्य करूनही माझा अभिप्राय असा आहे, की त्यांची उत्तम पन्नास-पाऊणशे पदे मराठी पदवाङ्मयाच्या कोणत्याही प्रतिष्ठित संग्रहात मानाने बसतील, आणि आजवर ती तिथे बसली नाहीत याचे कारण त्यांच्या गुणवत्तेत नसून आपल्या वाचनाच्या सवयीत आहे. छापील पानावर डोळ्यांनी वाचणाऱ्या समीक्षकाला ही पदे उघडीबोडकी वाटतात. ध्रुपदाची पुनरावृत्ती कागदावर कंटाळवाणी होते. गाताना तीच श्रोत्यांना आत ओढून घेते. विराम कुठे, थाप कुठे, झिलकऱ्यांचा सूर कुठे चढतो, हे छापता येत नाही. वामनदादा कर्डक किंवा अण्णा भाऊ साठे यांच्या गीतांविषयीही हाच अन्याय झाला. ज्या समाजाचे काव्य कानातून वाहते त्याच्याकडे केवळ डोळ्यांनी पाहणाऱ्या परीक्षणाचा हा दोष आहे.

दुसरी एक चिंता मी येथे नमूद केली पाहिजे. नांदगाव पेठेच्या आसमंतात गेल्या काही वर्षांत औद्योगिक वसाहत उभी राहिली, औष्णिक वीजकेंद्र आले, रस्ता रुंदावला, आणि शेतावर राबणारे पुष्कळ तरुण पाळीच्या नोकरीत गेले. त्यांचे कल्याण व्हावे यापरती इच्छा नाही. या मुलखातल्या कोरडवाहू कपाशीने किती घरे उद्ध्वस्त केली ते आम्ही डोळ्यांनी पाहिलेले आहे, आणि पगाराचा निश्चित पैसा हाती येणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु रात्रपाळीवर जाणारा माणूस भजनाला बसू शकत नाही. जे ज्येष्ठ भजनी आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत त्यांना ज्या चाली येतात त्यांतल्या कितीतरी कोणत्याही पुस्तकात नाहीत आणि कोणत्याही ध्वनिमुद्रणात नाहीत. खंजिरी भजनाच्या स्पर्धा ठिकठिकाणी होतात आणि त्यांत मुली-महिलांची मंडळेही हिरिरीने उतरतात, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र स्पर्धेला वेळेची मर्यादा असते, परीक्षकांना चमक हवी असते, आणि संथ लयीची जुनी वैराग्यपर पदे तिथे मागे पडतात. ती पदे आणि त्या चाली या वृद्ध मंडळींकडून टिपून घेण्याचे काम विद्यापीठाने, सेवा मंडळाने आणि आम्हा लिहिणाऱ्यांनी मिळून तातडीने हाती घेतले पाहिजे.

पुढील प्रकरणांची मांडणी कालक्रमाने केली आहे. परंतु प्रत्येक प्रकरणाच्या केंद्रस्थानी चरित्रातील घटना न ठेवता त्या काळातील पदरचना ठेवली आहे. पहिल्या भागात १९३५ पूर्वीची साधकावस्थेतील रचना, दुसऱ्यात सालबर्डी ते सेवाग्राम, तिसऱ्यात १९४२ चे पर्व, चौथ्यात सामुदायिक प्रार्थना आणि सेवा मंडळ, पाचव्यात 'ग्रामगीता', असा क्रम आहे. खंजिरीच्या ठेक्यांचे आणि ध्रुपदाच्या बांधणीचे विवेचन सहाव्या भागात स्वतंत्रपणे केले आहे. ज्यांना गाण्याचे अंग आहे त्यांनी तो भाग आधी वाचला तरी चालेल, किंबहुना तसाच वाचावा. मूळ पदे मंडळाच्या भजनावल्यांत सहज मिळतात, सबब ती येथे पुन्हा छापलेली नाहीत. ती भजनावली जवळ ठेवून, आणि गावात भजनी मंडळ असेल तर एखाद्या गुरुवारी त्यांच्या सतरंजीवर जाऊन बसून, मग या प्रकरणांकडे वळावे, अशी वाचकांस माझी विनंती आहे.

नांदगाव पेठ